उद्यापासून बसतो



वसंतातल्या व्याख्यानमाला आणि विद्यापीठाच्या परीक्षा आपल्याकडे एकाच हंगामात येतात. त्यामुळे ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ती मुलं आज या सभागृहात फारशी नाहीत. समोर त्यांचे आईवडील, आजी-आजोबा आणि बरेच शिक्षक दिसताहेत. हेही चांगलंच झालं. ‘उद्यापासून बसतो’ असं म्हणणाऱ्या मुलाला आळशी ठरवणारे आपणच असतो, आणि ते ठरवण्यात आपली फार घाई होते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवत आलो आहे. त्यांच्याकडे सेमिस्टरच्या शेवटी सबमिशनचा आठवडा येतो. तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर एक काच आडवी ठेवलेली असते. काचेखाली दिवा. काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, कोपऱ्यांना चिकटपट्टी. खालच्या उजेडात मित्राच्या रेषा वर उमटतात आणि मुलगा पहाटेपर्यंत त्या गिरवत राहतो. याला ‘जीटी मारणं’, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणतात. शेजारच्या खोलीत कुणीतरी अख्ख्या सेमिस्टरचं जर्नल एका रात्रीत उतरवत असतो. सकाळी सरांच्या सहीसाठी केबिनबाहेर रांग लागते.

रात्रभर कंबर मोडेस्तोवर वाकून रेषा ओढणाऱ्या या मुलाला आळशी कसं म्हणायचं? मेहनतीची त्याला भीती नाही. तीच शीट दोन महिन्यांपूर्वी स्वतः काढायला घेतली असती तर प्रोजेक्शनचा, म्हणजे वस्तू समोरून-वरून कशी दिसेल याचा, प्रश्न वाचून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहिलं नसतं. आपल्याला हे जमत नाही, हे त्या क्षणी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. ते नको वाटतं, म्हणून शीट गुंडाळून कपाटावर जाते. गिरवताना मात्र न जमण्याचा प्रश्नच येत नाही.

फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. त्यांच्या मते चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याचा प्रश्न आहे. समोरच्या कामाने अस्वस्थ वाटतं, काम बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. म्हणून भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावून फारसा फरक पडत नाही. उलट ते आखण्यात एक संध्याकाळ छान जाते आणि पुस्तक बंदच राहतं.

या सुटकेची किंमत किती पडते, तेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी 1997 साली विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती, त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपत आलं तेव्हा चित्र उलटलं. ताण जास्त, आजारपण जास्त, आणि गुणही कमी. सुरुवातीला जेवढं सुख मिळालं, त्याहून जास्त त्रास शेवटी झाला. आपल्याकडे ‘शेवटच्या रात्री माझा अभ्यास उत्तम होतो’ असं छातीठोकपणे सांगणारी मुलं भेटतात. त्यांना हा अभ्यास जरूर सांगावा, पण परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

मग बारावीपर्यंत ठीक चाललेलं मूल कॉलेजात गेल्यावरच असं का करतं? बारावीपर्यंत त्याचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो. सकाळी ज्युनिअर कॉलेज, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट सिरीज, आणि मागे उभी असलेली आई. विद्यापीठात पाऊल टाकलं की हे सगळं एकदम सुटतं. हजेरीचा नियम कागदावर असतो, खरा जाब विचारला जातो तो थेट सेमिस्टरच्या शेवटी. स्वतःचा दिवस स्वतः आखायला ज्याला आपण कधी शिकवलंच नाही, त्याच्या हातात आपण मोकळे महिने ठेवतो.

याहून मोठं एक कारण आहे, आणि त्याविषयी मला कळकळीने बोलायचं आहे. खेड्यातून, मराठी माध्यमातून शिकून आलेला मुलगा पहिल्या वर्षाचं इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडतो. पहिल्याच परिच्छेदात पाच-सहा शब्द अडतात. तो शब्दकोश काढतो, अर्थ पेन्सिलीने ओळींच्या वर लिहितो. अर्ध्या तासानंतरही तो पहिल्याच पानावर असतो, आणि मागच्या बाकावरचा शहरी मुलगा धडा संपवून मोकळा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाकडे हात जात नाही. आठवडा जातो, महिना जातो. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, अपेक्षित प्रश्न, घोकंपट्टी, आणि शेवटी विषय मागे राहून केटी. घरी निरोप जातो, ‘पोरगं शहरात गेलं आणि बिघडलं.’ ते बिघडलेलं नसतं, पहिल्या पानावर अडलेलं असतं. त्याला धाक दाखवून काही होणार नाही. संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून ते पहिलं पान मराठीत समजावून द्यायला हवं. संकल्पना आपल्या भाषेत एकदा मनात उतरली की इंग्रजी वाक्य तितकं परकं राहत नाही. वर्गात असं घडताना मी पाहिलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आता उपायांकडे येतो. दोनच सांगतो, कारण ते तपासलेले आहेत. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडस्टेटर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं. नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त दोन दिवसांत लिहून पाठवायचा. सणाच्या गडबडीत कुणाला सुचणार! निम्म्या मुलांना त्यांनी आधीच ठरवून घ्यायला लावलं की नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहिणार. त्यांच्यातल्या सुमारे 71 टक्के मुलांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांत हे प्रमाण 32 टक्के होतं. काम तेच, मुदत तीच, इच्छाही दोन्ही गटांची तीच. म्हणजे ‘या आठवड्यात थर्मोडायनॅमिक्स संपवतो’ यात फार दम नाही. ‘उद्या मेसमधून जेवून आलो की वाचनालयात खिडकीजवळ बसून पहिली तीन गणितं’ यात आहे. इतकं लहान ठरवावं की ते टाळायला कारण सापडू नये.

दुसरा उपाय ऐकून पालकांना नवल वाटेल. मायकल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी 2010 साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांविषयी लिहिलं. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला दूषणं दिली की अभ्यासाचं नुसतं नाव काढलं तरी अपराधी वाटू लागतं, आणि तसं वाटू नये म्हणून माणूस अभ्यासापासून आणखी लांब पळतो. घरून रोज येणारा ‘झाला का अभ्यास?’ हा फोनही नेमकं हेच करतो. त्याऐवजी ‘आज काय अडलं?’ असं विचारा. उत्तर ऐकायला मात्र वेळ काढा.

शेवटचं बोलणं माझ्या व्यवसायबंधूंशी. प्रोजेक्टचा अहवाल आपण सत्राच्या शेवटी मागतो आणि मग मुलं कॉपी-पेस्ट करतात म्हणून कपाळाला हात लावतो. तिसऱ्या आठवड्यात अर्धं पान मागून पाहा. हाताने लिहिलेलं, खाडाखोडीचं, चुकीचं चालेल, गुण नकोत. ते वाचून दोन ओळींत शेरा लिहा आणि परत करा. ड्रॉइंगची पहिली शीट वर्गातच, आपल्यासमोर सुरू होऊ द्या. म्हणजे ज्याला प्रोजेक्शन दिसत नाही तो आपल्याला ऑगस्टमध्येच कळेल. अनेक महाविद्यालयांत वाचनालय रात्री उघडं राहतं ते परीक्षेच्या तोंडावर. सत्राच्या पहिल्या महिन्यातही ते उघडं ठेवा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वरच्या वर्गातली चार मुलं तिथे बसवा, पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिलं पान मराठीत समजावून द्यायला. त्यांना त्या कामाचे पैसे द्या. कमवा आणि शिका योजनेत बागेच्या आणि कार्यालयाच्या कामाला मानधन मिळतं, तसंच याही कामाला मिळायला हवं. पुढच्या सत्राची नियोजनाची बैठक जूनमध्ये होईल, तिथे हा विषय मांडा.