घरातलं वेस्ट
(विहाराच्या वर्धापनदिनी केम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'घरखर्चात बचत' या विषयावर बोलायला सांगितले. कुणी म्हणेल, विहारात हा कसला विषय? मीठ-मिरचीचा हिशेब इथं कशाला? त्यांना आमचे सांगणे आहे, की तथागतांनी संसारी माणसाला संसार नीट करायलाही शिकवलेले आहे. सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला त्यांनी कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्याला, आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी बाजूला. पैसा गळायची सहा भोकंही दाखवली: दारू, अवेळी भटकणे, तमाशे-जलसे, जुगार, वाईट सोबत आणि आळस. अडीच हजार वर्षं झाली, भोकं तीच आहेत.

आम्ही शाळा फार शिकलो नाही. आमचे शिक्षण सूतगिरणीत झाले. तिथली एक गोष्ट सांगतो. गिरणीत कापूस ब्लोरूमला येतो, कार्डिंगला जातो, पुढे रिंगफ्रेमवर सूत होते. प्रत्येक खात्यात थोडा कापूस वाया जातो. त्याला आम्ही वेस्ट म्हणतो. हे वेस्ट खातंवार वजन होते आणि वहीत मांडले जाते. रिंगफ्रेमवर धागा तुटला की सुटलेला कापूस नळीतून ओढून पेटीत जमा होतो आणि परत ब्लोरूमला जातो. सुताचा गुंता सुटणारा नसला तर तोही विकतात, यंत्रं पुसायला. वेस्ट थोडे वाढले तरी साहेब खात्यात येऊन विचारतो, का वाढलं? आता सांगा, लाखोंची उलाढाल करणारा मालक चिमूटभर कापसाचा हिशेब ठेवतो, आणि आपण महिन्याला मोजून पैसे आणणारी माणसं घरातल्या वेस्टचा हिशेब ठेवत नाही. किराणा दुकानदाराकडे आपल्या उधारीची वही असते. आपल्या घरात मात्र वही नसते!

इथं कुणी रास्त सवाल करील, की अहो, मुळात मिळतंच कमी, त्यात वाचवायचं काय? कुंकवाच्या कारखान्यात जाणारी, शेतात खुरपायला जाणारी बाई काय शिल्लक टाकणार? खरे आहे. बचत ही मजुरीची जागा घेत नाही. मजुरीसाठी भांडलेच पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप केला, तो कामगाराचा संप करायचा हक्क राखण्यासाठीच. आम्हीही गेटवर उभे राहिलो आहोत. पण एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एका करारात पगारवाढ झाली. सहा महिन्यांनी चार-पाच जणांना विचारले, वाढीचे पैसे कुठं गेले? कुणालाच सांगता येईना. भांडून मिळवलेले पैसे भोकातून गेले. भोकाच्या घागरीत पाणी वाढवून घागर भरत नाही.

म्हणून पहिले काम वहीचे. एक महिना, फक्त एक महिना, रोज रात्री दिवसभराचा खर्च लिहा. घरातल्या शिकणाऱ्या पोरीला लिहायला बसवा, तिचं गणितही सुधारेल. लाज वाटली तरी सगळं लिहा. हॉटेलात दोन चहा आणि एक पुडी मिळून दिवसाला ३० रुपये धरा. महिन्याचे ९०० झाले, वर्षाचे १०,९५०. हा आकडा वहीत दिसला की कुणी भाषण द्यायची गरज उरत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण तोंडावर बंदी आपली आपणच घालायची असते.

आता चुलीपाशी येऊ. इथं आम्ही माऊल्यांना काय शिकवणार, त्यांच्याकडूनच ऐकलेले सांगतो. ज्वारी सुगीत घ्या, तूर नवी आली की घ्या आणि डाळ घरी करा. एकट्याला झेपत नसेल तर चार घरांनी मिळून पोतं घ्यावं आणि वाटून घ्यावं. शाम्पूची, चहाची पुडी रुपया-रुपयाने स्वस्त वाटते, पण वजन आणि भाव मांडून बघा. डाळ भिजवून शिजवली, झाकण ठेवले, शिट्टी झाल्यावर आच कमी केली, तर गॅस पुरतो. टाकी लावली की कॅलेंडरवर तारीख टाका. घरच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. घेताना वजन करून मागा, तो आपला हक्क आहे.

विजेचे बघा. ६० वॅटचा जुना बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळपास ११ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड-पावणेदोन युनिट खातो. शिवाय १०० युनिटच्या पुढे गेलं की पुढच्या युनिटचा दर चढतो. म्हणजे शेवटची दहा-वीस युनिटं सगळ्यात महाग. मीटर दर आठवड्याला स्वतः बघायची सवय ठेवा.

जुन्या कपड्यांवरून एक गोष्ट आठवली. कोसंबीला उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरं दान दिली. राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचं करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची विरली आहेत त्या भिक्खूंना देऊ. मग विरलेल्यांचं काय? आच्छादनं करू. जुन्या आच्छादनांचं? खालची अंथरुणं, मग पायपुसणी, मग फडकी. आणि शेवटी कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. आपल्या आयांनी हेच केलं. लुगडं विटलं की वाकळ, वाकळ विरली की पोतेरं. त्यांना कुणी चिकट म्हटलं नाही. ज्याला वस्तूमागचे कष्ट ठाऊक असतात, तो ती वाया घालवत नाही.

आता हक्काचं, जे न घेतल्याने खर्च वाढतो. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या रेशनकार्डावरचं धान्य मोफत झालं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. ई-केवायसी राहिलं म्हणून नाव कटू देऊ नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले गेले. आधी तिथं जा, मग खाजगीचा विचार करा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधी दुकानात कितीतरी स्वस्त मिळतात, डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झालं. रोज रेल्वेने कामाला जाणाऱ्याने पास काढावा. ही काही भीक नव्हे. आपण काडेपेटी घेतो तेव्हाही सरकारला कर भरतो.

आणि आता मुख्य गोष्टीवर येतो. आपल्या वस्तीतले सगळ्यात मोठे वेस्ट कुठले? व्याज! खाजगी सावकाराकडून २०,००० रुपये महिना पाच टक्क्याने घेतले, तर महिन्याला १,००० व्याज. वर्षाला १२,०००. वीस महिन्यांत २०,००० भरून होतात आणि मूळचे २०,००० अंगावर तसेच असतात. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

दुसरा फास आठवड्याच्या हप्त्याचा. मायक्रोफायनान्सचे साहेब दारात येतात, दहा बायकांचा ग्रुप करतात, आधारकार्डावर पैसे देतात. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. हप्त्याच्या दिवशी बाई तोंड लपवते, ग्रुपमधल्या मैत्रिणी वैरिणी होतात. माऊल्यांनो, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम ध्यानात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. घरात १२,००० येत असतील तर सगळे हप्ते मिळून ६,००० ची हद्द. साहेब म्हणतो घ्या, म्हणून घेऊ नका. वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून तगादा लावू नये, धमकी देऊ नये, हाही नियमच आहे. आपला स्वतःचा बचत गट असला, तर व्याज गटातच राहते, ते आपल्याच घरी परत येते.

हे कर्ज होतं कशापायी? दवाखान्यापायी होतं, ते समजू शकते. पण बरंचसं लग्नापायी होतं. बाबासाहेबांचं आणि रमाईचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर रात्री, उघड्या शेडमध्ये लागलं. त्या लग्नात मांडव नव्हता म्हणून त्यांच्या संसाराला काही कमी पडलं का? आपला विहार आहे, पांढरी वस्त्रं आहेत, त्रिसरण-पंचशील आहे. मानपान, आहेर, डीजे यांचं ओझं नवरीच्या बापाच्या डोक्यावर कशाला? जयंती जोरात झालीच पाहिजे, पण वर्गणीतला थोडा हिस्सा वस्तीतल्या अभ्यासिकेच्या पुस्तकांना गेला, तर तीच खरी जयंती.

कारण वाचवायचं ते कशासाठी, हे ठरलं नाही तर बचत म्हणजे नुसता चिक्कूपणा. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकं घेत होते. पोट मारलं, पण पुस्तक मारलं नाही. आणि इकडे परळच्या चाळीत रमाईने ओढगस्तीत घर राखलं. आपण उलटं करतो. मोबाईल हप्त्याने घेतो आणि पोरीच्या प्रवेशाच्या वेळी म्हणतो, पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष येत नाही, स्थळ येतं. दहावीनंतरची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पण त्याचे पैसे येतात मागाहून, आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला, पहिल्या दिवसाचा प्रवास, गादी, वह्या यांना पैसे लागतात आधी. तेवढे पाच-दहा हजार घरात असणे किंवा नसणे, एवढ्यावर पोरीचं आयुष्य फिरतं. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं आजच काढा. वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं.

एक शेवटचं, आणि ते पुरुषांसाठी. बचत ही बाईने करायची आणि खर्च बाप्याने करायचा, हा न्याय नव्हे. घरात एकच वही असावी आणि तीत दोघांचा खर्च असावा. तिच्या भाजीचे दहा रुपये विचारायचे असतील, तर आपल्या पुडीचे दहा आधी लिहावेत.

तेव्हा आजच्या दिवशी तीन गोष्टी ठरवून घरी जाऊ. आजपासून वही घालू. सावकाराच्या आणि नव्या हप्त्याच्या दारात जाणार नाही, आधी गटात विचारू. आणि कमाईचा चौथा हिस्सा झेपला नाही तरी दहावा, विसावा हिस्सा पोरांच्या शिक्षणाच्या नावाने बाजूला टाकू. पुढच्या वर्धापनदिनी ज्याने त्याने आपली वही घेऊन यावी. भाषणापेक्षा ती वाचून दाखवलेली आम्हाला जास्त आवडेल.



नमो बुद्धाय! जयभीम!