गोधडीचा उत्पादनखर्च
(चितेगाव येथील बैठकीतील भाषण)



आज भावाबद्दल बोलण्याआधी एका गोधडीची गोष्ट सांगायची आहे. ती याच गावातली आहे आणि त्यात फजिती आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका ओसरीवर आम्ही उत्पादनखर्च समजावून देत होतो. बियाणे, खत, औत, मजुरी सगळे फळ्यावर मांडले. बोलता बोलता आमच्यातला एकजण म्हणाला, "घरच्या बायांच्या कामाला खर्च कसला? गोधडीसारखं ते. फावल्या वेळात होतं." मागून एक आजी म्हणाल्या, "मग एक शिवून दाखवा की."

आम्ही तिघे कार्यकर्ते. तिघांकडेही शेतकीची पदवी. म्हटले, त्यात काय अवघड!

वरून चांगली दिसावी म्हणून आम्ही टेरिलीनची साडी घेतली. ती एका जागी ठरेना. आजींनी ती बाजूला फेकली आणि जुने सुती लुगडे काढून दिले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतातूनच सुई सहज जाते, हे कॉलेजात कुणी शिकवले नव्हते. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. चार घड्या केल्या की गोधडीची लांबी आली. मध्ये धोतराचे तुकडे पसरले आणि कडेने धावदोरा घालत आत निघालो.

दुसऱ्या दिवशी मधोमध कापडाचा उंचवटा आला. आजी म्हणाल्या, "आधी लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं असतंय, लेकरांनो. कडेनं शिवीत आलात, मग झोळ जाईल कुठं? मधीच येणार." निम्मे शिवण उसवले. बोटे सुजली होती ती वेगळीच.

मग सवयीप्रमाणे हिशेब मांडला. गोधडी सहा फूट बाय चार फूट. दोन ओळींत एक इंच अंतर धरले तर दोरा जातो २८८ फूट. इंचाला तीन टाके, म्हणजे १०,३६८ टाके. चार बाय दोन फुटांवर कपाशी लावली तर एकरात ५,४४५ झाडे बसतात. म्हणजे जवळपास दोन एकरांतल्या प्रत्येक झाडाजवळ एकदा वाकावे, इतक्या वेळा सुई खाली-वर झाली. मिनिटाला दहा टाके धरले तरी आमचे सतरा तास. आजींचा हात आमच्या दुप्पट चालतो असे धरा, तरी साडेआठ तास. हा पूर्ण एक रोज झाला. फावला वेळ कुठे आहे यात?

आता शेताकडे या. सरकारी हिशेबात ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्यांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले तर सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती ए-२ अधिक एफएल धरून. सी-२ धरा, ही आपली मागणी आहेच आणि ती सोडायची नाही. पण मधला तो 'एफएल' कुठून येतो? नमुन्याला निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरून. माहिती विचारायला माणूस येतो तेव्हा उत्तर कोण देतो? घरचा कर्ता. त्याला औताचे दिवस तोंडपाठ असतात. बायकोने निंदणीला किती दिवस घातले, वेचणीला किती, ज्वारीची कणसे खुडायला किती, हे विचारा. तो म्हणतो, "ते घरचंच आहे."

भावांनो, जे आपणच शून्य लिहितो, त्याचा भाव दिल्लीवाला कशाला देईल? शहरातला माणूस आपल्या घामाला किंमत देत नाही म्हणून आपण चिडतो. तोच न्याय आपल्या ओसरीवर का नाही?

म्हणून एकच काम सांगतो. यंदाच्या वेचणीपासून प्रत्येक घरात एक वही ठेवा. कोण, कोणत्या कामाला, किती तास, एवढेच लिहायचे. आणि ते जिने काम केले तिला विचारून लिहायचे. पुढच्या बैठकीला वही आणा. वही जिची, तीही बैठकीला आली पाहिजे.

ती गोधडी अजून आमच्या कार्यालयात आहे. मधला झोळ पुरता गेला नाही. थंडीत तीच अंगावर घेतो, आणि पाठीखाली तो झोळ आला की हिशेब आठवतो.