जैववस्तुमान : भरून निघणारे, पण हिशेबाने वापरावयाचे धन



पौष-माघात कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गावोगावी बांधांवर पऱ्हाट्यांचे ढीग उभे राहतात. काही पऱ्हाट्या चुलीत जातात. पुष्कळशा शेतातच पेटविल्या जातात. शाळेतील मुले हा धूर दरवर्षी पाहतात. परंतु जळते आहे ते धन आहे, हे त्यांच्या मनात येत नाही. ती जाणीव देणे हे शिक्षकाचे काम आहे.

वनस्पती, प्राणी व त्यांचे अवशेष मिळून जो पदार्थ होतो, त्यास जैववस्तुमान म्हणतात. सरपण, पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची धसकटे, उसाचे पाचट, शेण व खरकटे ही सर्व त्याचीच रूपे होत. हिरवे पान हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी आणलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनविते. पऱ्हाटी जळते, तेव्हा तिच्यात साठलेली उन्हाची शक्तीच मोकळी होते. परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्रात जळणारा कोळसा हीदेखील प्राचीन वनस्पतींचीच ठेव. परंतु ती साठण्यास कोट्यवधी वर्षे लागली. पऱ्हाटी मात्र पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहते. म्हणून जैववस्तुमान ही नूतनीकरणक्षम संपत्ती होय.

येथे एक गैरसमज टाळावा. नूतनीकरणक्षम म्हणजे न संपणारे नव्हे. कापूस काही महिन्यांत हाती येतो. बाभूळ वाढण्यास वर्षे लागतात. वाढीपेक्षा तोड अधिक झाली, की माळ उघडा पडतो आणि सरपणासाठी आयाबहिणींची पायपीट वाढते. तसेच जमिनीतून आलेल्याचा काही वाटा जमिनीस परत गेला नाही, तर तीही निःसत्त्व होते.

शेणाचे उदाहरण घ्यावे. गोवरी जाळल्याने विस्तव मिळतो. पण शेणातील नत्र हवेत निघून जाते. तेच शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत सोडले, तर जिवाणू ते कुजवून जळाऊ वायू देतात आणि उरलेली मळी खताच्या कामी येते. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे दोन घनमीटर वायूसाठी रोज सुमारे ५० किलो शेण हवे. ही कल्पना नवी नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू मिळविला गेला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेस तर शेतात जळून जाणाऱ्या पाचटापासून कोळसा बनविण्याच्या कार्याबद्दल २००२ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला.

मग शेतकरी पऱ्हाट्या का जाळतो? त्यास कारण आहे. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि २०१७ साली तिने महाराष्ट्रातील कापसाची केवढी हानी केली, हे शेतकरी विसरलेला नाही. शेत लवकर मोकळे करणे योग्यच. मात्र त्यासाठी जाळण्याची गरज नाही. यंत्राने बारीक केलेल्या पऱ्हाट्यांचे कंपोस्ट होते, तसेच दाबून जळणाच्या कांड्याही होतात. यास्तव शिक्षकाने मुलांकरवी पालकांस दोष देऊ नये; दुसरा मार्ग दाखवावा.

पाठ फळ्यावर संपू नये. मुलांनी ओली फांदी तोलावी, आठ दिवस उन्हात वाळवून पुन्हा तोलावी. किती पाणी होते ते कळेल, आणि ओले सरपण धूर का करते तेही उमगेल. जेथे शालेय पोषण आहार अद्यापि चुलीवर शिजतो, तेथे आठवडाभराचे जळण तोलून दोन रकान्यांत लिहावे : शेतातील काडीकचरा किती, तोडलेले झाड किती. शाळेच्या आवारातील पालापाचोळा न पेटविता खड्ड्यात टाकावा. वर्षअखेर त्या खताने मुलांनी एक रोप वाढविले, तर ‘नूतनीकरणक्षम’ या अवघड शब्दाचा अर्थ त्यांना पाठ करावा लागणार नाही.