न उघडणारी तबकडी

शाळेच्या कपाटात जुन्या सीडी पडून असतात. एखादीवर 'जात्यावरच्या ओव्या' असे लिहिलेले असते. ज्या आजीबाईंनी त्या म्हटल्या, त्या आज हयात नसतील. आणि नेमकी तीच सीडी संगणक उघडत नाही; कोरी आहे म्हणतो. मग ती केरात जाते. तसे करू नका. एका यंत्राला वाचता आली नाही म्हणजे तबकडी रिकामी आहे, असे नव्हे.

घरी भरायच्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो. लेझरचा किरण तो तापवून खुणा उमटवतो. वाचणारे यंत्र सर्वांत आधी आतल्या कडेची अनुक्रमणिका शोधते. मजकूर भरला, पण शेवटी सीडी 'बंद' करायची राहिली, तर ही अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. सीडी भरणाऱ्या यंत्राला तरीही वाट सापडते. नुसते वाचणारे यंत्र मात्र गोंधळते. म्हणून डोंबिवलीत भरलेली सीडी मुरबाडला चालली नाही, तर आधी जिथे भरली तिथेच लावून पाहा. तो संगणक मोडीत निघाला असेल, तर सीडी भरता येईल असे दुसरे यंत्र शोधा. तिथे उघडली, की मजकूर लगेच उतरवून घ्या.

दुसरे कारण प्रकाराचे. सीडी आणि डीव्हीडी दिसायला बहिणी-बहिणी. पण एकीत सुमारे ७०० मेगाबाइट मावतात, दुसरीत ४.७ गिगाबाइट. केवळ सीडीसाठी केलेले यंत्र डीव्हीडी वाचू शकत नाही. पुसून पुन्हा भरता येणारी 'आरडब्ल्यू' सीडी प्रकाश कमी परतवते, त्यामुळे जुनी यंत्रे तिच्यापुढे अडखळतात. अशा वेळी दोष तबकडीचा नसतो. यंत्र बदलून पाहावे.

तिसरे कारण धूळ आणि ओल. मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडे घराघरांत चिखल शिरला होता. तशी चिखलात सापडलेली सीडी स्वच्छ पाण्याने हलके धुवावी आणि सावलीत वाळवावी. आणखी एक: सीडीचा मजकूर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून त्या बाजूला टोकदार पेनाने लिहू नये, चिकटपट्टीही लावू नये.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तिथले जुने पुस्तक वाचायला डोळे आणि उजेड पुरतात. तबकडीला मात्र यंत्र लागते, आणि नव्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते नसतेच. बाहेरून जोडावे लागते. रंगाचा थरही उन्हाने, दमटपणाने वर्षानुवर्षे फिकट होत जातो.

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या सुट्टीत ते कपाट उघडाच. जे वाचता येईल ते दोन ठिकाणी उतरवा: एक प्रत शाळेत, एक गावात. जे वाचता येणार नाही ते वेगळे ठेवा आणि दुसऱ्या यंत्रावर लावून पाहा. गेलेल्या माणसाचा आवाज दुसऱ्यांदा भरून घेता येत नाही.