कॅलामाइन लोशन : वापर आणि मर्यादा

कॅलामाइन लोशन हे खाजेवरचे जुने, स्वस्त आणि घरोघरी आढळणारे औषध आहे. बाटली काही दिवस ठेवली की गुलाबी साका तळाशी बसतो आणि वर पाणी उरते. या साक्यात जस्ताची संयुगे असतात. गुलाबी रंग येतो तो त्यातल्या किंचित लोह ऑक्साइडमुळे. औषध मुख्यतः साक्यातच असल्याने बाटली दर वेळी चांगली हलवावी लागते. न हलवता ओतल्यास अंगाला नुसते पाणी लागते.

लोशनमधले पाणी उडताना त्वचा गार पडते आणि खाज शमते. मागे राहिलेली भुकटी ओल शोषून घेते. त्यामुळे घामोळ्या, डासाच्या चाव्याने उठलेली गांधी, अंगावरचे पित्त आणि कांजिण्या यांत त्याने आराम पडतो. कोरड्या, भेगाळलेल्या इसबावर मात्र ते लावू नये. त्वचा आणखी सुकते आणि खाज वाढते.

लावण्यापूर्वी जागा गार पाण्याने धुऊन हलकेच टिपावी. कापसाच्या बोळ्याने पातळ थर द्यावा, चोळू नये, वाळल्यावरच कपडे घालावेत. वापरलेला बोळा पुन्हा बाटलीला लावू नये. डोळे, तोंड, नाकाचा आतला भाग आणि उघड्या जखमा टाळाव्यात. हे औषध पोटात घेण्याचे नाही. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

कॅलामाइन खाज शमवते, खाजेचे कारण दूर करत नाही. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतली आणि घरातल्या इतरांनाही सुटलेली खाज बहुधा खरजेची असते. तिच्यावर साऱ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कडेने लालसर, मध्ये निवळत जाणारा गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो. त्यावर दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावले, की खाज चार दिवस थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. असे मलम फार दिवस वापरल्यास त्वचा पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे वळ उमटतात. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही नावे वेष्टनावर दिसल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते वापरू नये.

आठवड्यात उतार पडला नाही, पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. खाजेबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर लोशन लावत न बसता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.