दिवेलागणीचा हिशेब



अंबरनाथजवळच्या आमच्या पालेगावात मगरिबची अजान झाली, की सूर्य बुडाला हे घड्याळ न पाहता कळतं. त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात, टीव्ही सुरू होतात, मिक्सर फिरू लागतात. म्हणजे आपली मागणी वाढते नेमकी तेव्हाच सौर वीज निरोप घेते! सगळी गोम इथंच आहे.

वीज काही पिंपात भरून ठेवता येत नाही. वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. तोल ढळला की ग्रीडची वारंवारिता ५० हर्ट्झपासून हलते. ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रातली माणसं रात्रंदिवस हा काटा सांभाळत असतात.

पहिला उपाय साधा: ऊन आहे तेव्हाच काम उरकायचं. २०१७ साली आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं सूत्र हेच. गावच्या उपकेंद्राजवळ पॅनेल उभारायची आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. रात्री विंचूकाट्यात पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा, हे सुख केवढं आहे!

पण संध्याकाळचं काय? त्याचं एक उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या कडेला आहे. वर घाटघर, खाली शहापूर तालुक्यातलं चोंढे. २००८ साली इथं २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. शिल्लक वीज असताना खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची. मूळ बेत रात्रीच्या विजेवर पाणी चढवण्याचा होता; सौर विजेच्या दिवसांत ते भर दुपारी चढवता येईल. यात साधारण पाव भाग वीज वाटेतच जाते. जाऊ द्या. अंधारापेक्षा ते परवडलं. शिवाय पाणी चपळ असतं. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं कोसळली. ती घसरण आणि नंतरची उसळी सावरली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी.

कंदिलाच्या काचा पुसण्यात आमच्या घरच्या कितीतरी संध्याकाळी भारनियमनानं खाल्ल्या आहेत, म्हणून हा पाण्याचा हिशेब मला जवळचा वाटतो. आता कर्जतजवळ भिवपुरीला, जिथं १९२२ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, तिथं १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पासाठी २०२३ साली राज्य सरकारशी करार झाला. अंबरनाथहून कर्जत लोकलनं निघालं, की बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ आणि पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. खिडकीतून सह्याद्रीची भिंत दिसू लागते. उद्या आमच्या दिवेलागणीची वीज तिथून उतरेल.