पोरगं ट्रकवर पाठवण्याआधी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मला आज बोंडअळीवर बोलायला सांगितलं होतं. पण सकाळपासून चार-पाच जणांनी बाजूला घेऊन एकच विचारलं, ‘पोरगं ट्रकवर जातो म्हणतं, पाठवू का?’ कोरडवाहू पाच एकरांत दोन भाऊ मावत नाहीत, हे पोरांना आपल्याआधी कळलं आहे. तेव्हा जाऊ नको म्हणण्यात अर्थ नाही. जायचं कसं, तेवढं बोलू.

आपल्याकडची जुनी रीत अशी, की पोरगं आधी क्लीनर होतं. टायर ठोकून बघतं, दोर आवळतं, काच पुसतं. मग एका रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद स्टेअरिंग हातात देतो. ही शाळा वाईट नाही. इंजिनाचा आवाज ओळखायला पोरगं तिथंच शिकतं. पण त्या रात्री कोणी चाकाखाली आलं तर? बिनलायसनच्या पोरावर गुन्हा, आणि विमा कंपनीनं भरपाई दिली तरी ती बहुतेक वेळा मालकाकडून वसूल करायला निघते. मग मालक पोराला ओळख दाखवत नाही.

म्हणून कागद आधी. मालवाहू गाडीच्या लायसनला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याआधी हलक्या मोटारगाडीचं लायसन किमान एक वर्ष हातात असावं लागतं. शिकाऊ लायसन ६ महिने चालतं, ३० दिवसांनंतर परीक्षा देता येते. ड्रायव्हिंग स्कूलचा आणि डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट २०१९ साली निघाली, तेव्हा शाळा सुटलेल्या पोरांनी एजंटाकडून खोटा दाखला विकत घेऊ नये. एकूण वजन साडेसात टनांच्या आतली मालगाडी हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, असा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं पिकअपवरच काढावीत.

आता कापसाचं. आपण कापूस पिकवतो, पण भरलेली गाडी हाकणं वेगळं. मोकळा कापूस वजनाला हलका आणि उंचीला भारी. वळणावर गाडी कलते, गावातली वीजतार वरच्या मालाला लागते, आणि कापसाला एक ठिणगी पुरे. त्या गाडीजवळ बिडी नाही म्हणजे नाही. गाठींचं उलट. एक गाठ १७० किलोची, चार जास्त चढवल्या तर डोळ्याला दिसत नाही, काट्यावर दिसतं. २०१९ च्या दुरुस्तीनं जादा भाराला २०,००० रुपये आणि वर टनामागं २,००० रुपये दंड ठेवला. तो कोण भरणार, हे गाडी हलण्याआधी मालकाला विचारावं.

घाटाचं नीट ऐका. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, हे पोरांना कोणीतरी हमखास शिकवतं. भरल्या बैलगाडीनं उतार उतरताना तुम्ही बैल सोडून देता का? ट्रकचं इंजिन हेच बैल. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवाही भरत नाही. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, मध्येच टाकू म्हटलं तर पडत नाही.

अपघात झालाच तर जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही कायद्यानं ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमाव अंगावर आला तर तिथं थांबू नये, पण पळून घरी न येता सरळ ठाण्यात जावं.

कामाचे ८ तास आणि ५ तासांनंतर अर्धा तास विसावा, हा १९६१ चा कायदा होता. रस्त्यावर तो फार थोडे पाळत होते. म्हणून लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर आहे का, पगार महिन्याचा की खेपेचा, भत्ता वेगळा की त्यातच, हे बोलून घ्यावं. आणि उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत पोरगं झोप आली म्हणून गाडी थांबवू शकत नाही.

शेवटचं, जमीन गहाण टाकून ट्रक घेण्याचं. कापसाचा हिशेब करताना घरची मजुरी आपण धरत नाही, तसंच ट्रकचा हिशेब करताना पोराची रात्र आणि टायरची झीज कोणी धरत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो, आणि भाडं ठरवणारा दुसराच असतो. तीन वर्षं दुसऱ्याची गाडी चालवावी, वहीत डिझेल, टोल, टायर लिहावं, मग ती वही घेऊन या. आपण बसून आकडे मांडू.

कागदांची यादी फळ्यावर लिहून ठेवली आहे. ज्यांची पोरं अठरा पूर्ण झाली त्यांनी उतरवून घ्यावी.